निवासमंडपाची प्रतिकृती: कामाची वही

4 फेब्रुवारी 2025

पाळकसाहेब काल संध्याकाळी येऊन गेले. मे महिन्यातल्या मुलांच्या शिबिरासाठी निवासमंडपाची प्रतिकृती हवी आहे. बायबलमधला, मोशेच्या काळात इस्राएलांनी वाळवंटात देवासाठी उभारलेला तंबू. "थर्माकोलचा नको," म्हणाले, "दरवर्षी करतो आणि दरवर्षी पावसाळ्यात उंदीर खातात." आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात 32 वर्षं गेली, नाही म्हणायला तोंड नव्हतं.

प्रमाण ठरवलं: एक हात म्हणजे 2 सेंटिमीटर. अंगण 100 बाय 50 हात, म्हणजे 2 मीटर बाय 1 मीटर. हॉलमधली दोन टेबलं जोडली की बसेल. मंडप 30 हात लांब, 10 रुंद, 10 उंच. खरा हात 45 सेंटिमीटरचा धरला तर साडेतेरा मीटर बाय साडेचार मीटर. म्हणजे आमच्या हॉलपेक्षाही लहान! संडेस्कूलच्या चित्रांत तो नेहमी प्रचंड दिसायचा.

7 फेब्रुवारी

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे 25 ते 31 आणि 35 ते 40 हे अध्याय समोर ठेवून मापांची यादी केली. विश्वाची निर्मिती दोन अध्यायांत उरकणाऱ्या लेखकांनी एका तंबूला तेरा अध्याय दिलेत, तरी माझ्या कामाची मापं गायब. फळीची जाडी नाही. दांड्यांची लांबी नाही. दीपवृक्षाला सोनं किती (एक किक्कार, हे तेव्हाचं वजन) ते आहे, उंची नाही. गंगाळाला तर काहीच नाही.

एक गोष्ट मात्र लिहिणाराने नेमकी पकडली आहे. देव सांगतो तेव्हा क्रम आतून बाहेर: आधी कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी), मग मेज, दीपवृक्ष, मग पडदे, फळ्या, शेवटी अंगण. मुख्य कारागीर बसालेल कामाला लागतो तेव्हा उलट: आधी पडदे आणि फळ्या, मग कोश. बरोबरच आहे. गिऱ्हाईक देव्हाऱ्याबद्दल बोलत असतं, सुतार आधी छप्पर बघतो.

बसालेलचा जोडीदार अहलियाब. नावात 'ओहेल' आहे, हिब्रूत तंबू. बापाचा तंबू, असा अर्थ.

11 फेब्रुवारी

मजकुरात लाकूड बाभळीचं सांगितलंय. आपली बाभूळ आणि सीनायतली बाभूळ एकाच कुळातल्या, म्हणून वखारीत जाऊन बाभूळच मागितली. वखारवाल्याने वर-खाली पाहिलं. "गाडीचं चाक करायचंय का नांगर?" म्हटलं, फळ्या काढायच्यात, सरळ. "बाभळीत सरळ फळी? दाखवा मला, मीच विकत घेतो."

तरी हातभर तुकडा आणला.

12 फेब्रुवारी

पातं तुटलं. प्रतिकृती सागवानात.

17 फेब्रुवारी

फळीच्या जाडीवरून आठवडा गेला. एकूण 48 फळ्या: उत्तरेला 20, दक्षिणेला 20, पश्चिमेला 6 आणि कोपऱ्यांच्या 2. प्रत्येक 10 हात उंच, दीड हात रुंद. ताल्मुदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात, दोन रब्बींचा (धर्मगुरूंचा) यावर वाद आहे. यहूदा म्हणतो, तळाशी एक हात जाड आणि वर निमुळती होत बोटभर. नहेम्या म्हणतो, वरपासून खालपर्यंत एक हात. दोघांनीही फळी उचलून पाहिली नसावी.

हिशोब केला. साडेचार मीटर उंच, 67 सेंटिमीटर रुंद, 45 सेंटिमीटर जाड बाभळीची फळी जवळपास एक टनाची होते. अशा 48. आणि बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात त्या वाहायला मरारीच्या घराण्याला (मंडपाची सेवा करणाऱ्या लेवी वंशातलं एक) दिल्या आहेत चार गाड्या आणि आठ बैल. गाडीला बारा टन! आमच्याकडे उसाच्या बैलगाडीवर दोन-तीन टन टाकले तरी बैलांच्या तोंडाला फेस येतो.

यावर स्कॉटिश पंडित केनेडी यांचा तोडगा जुना आहे: मजकुरातला हिब्रू शब्द 'करेश' म्हणजे भरीव फळी नव्हे, चौकट. दोन उभे दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. वजन घटतं. शिवाय आतून चौकटीच्या पोकळीतून करूब (पंखवाले देवदूत) विणलेला पडदा दिसतो. भरीव फळी लावली तर सगळ्यात महागडं विणकाम भिंतीमागे झाकून जाईल. ते कोण करेल?

मी दक्षिणेची बाजू भरीव करतोय, उत्तरेची चौकटीची. मुलांनी दोन्ही उचलून बघावं.

23 फेब्रुवारी

रविवार. काम बंद. मंडपाच्या सगळ्या सूचना देऊन झाल्यावर, निर्गम 31मध्ये, लगेच शब्बाथाची आज्ञा येते. म्हणजे देवाचं घर असलं तरी सातव्या दिवशी करवत खाली. शब्बाथाला वर्ज्य असलेली 39 प्रकारची कामं रब्बींनी ठरवली तीही मंडपाच्या कामांवरूनच: कातणं, विणणं, रंगवणं, गाठ मारणं, गाठ सोडणं. गाठ सोडणंही त्या यादीत आहे, याची नोंद करून ठेवतो.

2 मार्च

दुपारनंतर थोडा वेळ, नुसतं वाचन. उथळ्या. जुन्या वाड्यात लाकडी खांबाखाली दगडी उथळी असते तशाच, फक्त चांदीच्या. प्रत्येक फळीला खाली दोन कुसे, प्रत्येक कुशाखाली एक उथळी: 96. अंतरपटाच्या, म्हणजे आतली खोली वेगळी करणाऱ्या पडद्याच्या, चार खांबांच्या चार. बरोबर 100. आणि प्रत्येक उथळी एक किक्कार चांदीची.

चांदी कुठून आली तेही दिलंय. मोजदादीत 6,03,550 पुरुष, माणशी अर्धा शेकेल. होतात 3,01,775 शेकेल. एका किक्काराला 3,000 शेकेल. म्हणजे 100 किक्कार आणि वर 1,775. शंभर किक्काराच्या शंभर उथळ्या, उरलेल्या 1,775चे खांबांचे हुक. पै न पै जुळते. वहीत आकडे मांडताना हसूच आलं. असा हिशोब ऑडिटला पाठवला तर शंका घेतील.

पण हिशोबाआडून एक वेगळीच गोष्ट दिसते. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही, असा त्या अर्ध्या शेकेलचा नियम. सोनं-कापड ऐच्छिक होतं, ज्याला द्यावंसं वाटलं त्याने दिलं. पाया मात्र ऐच्छिक नाही. सारखा, आणि सगळ्यांचा.

आमच्या उथळ्या भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या चौकोनी सळीच्या. 100 तुकडे कापले, भोकं पाडायची आहेत.

8 मार्च

पडदे. शेजारच्या वहिनी ब्लाउज शिवतात, त्यांना गाठलं. आतला पडदा तलम, दहा पट्ट्या, प्रत्येक 28 हात लांब, 4 रुंद. पाच-पाच जोडायच्या आणि दोन्ही तुकडे मध्ये पन्नास बिरडी आणि पन्नास सोन्याच्या आकड्यांनी अडकवायचे. वहिनींनी क्षणभर विचार केला. "भावजी, म्हणजे हुक आणि लूप. सरळ सांगा ना. सोनेरी हुक मिळतात, पन्नास लावू."

वरचा थर बकऱ्याच्या केसांचा, अकरा पट्ट्या, 30 हाती. तिथे आकडे पितळेचे. वहिनींकडे काळे हुक होते, पितळेचा रंग मी देईन. बकऱ्याच्या केसांचं कापड ओलं झालं की तंतू फुगतात आणि विणीतली भोकं मिटतात. घोंगडीत पाऊस लवकर का मुरत नाही ते इथे कुणाला सांगायला नको. वर तांबडी रंगवलेली मेंढ्यांची कातडी आणि सगळ्यात वर तहशाची. तहश कोणता प्राणी यावर समुद्रगायीपासून बिज्जूपर्यंत सगळे सुचवून झालेत. मी जुन्या पर्सचं करडं रेक्झिन कापलं.

मापं कापडावर घातल्यावर कळतं की हे कुणीतरी डोक्यात उभं करून पाहिलेलं आहे. आतल्या पडद्याची रुंदी 28: छताची 10, दोन्ही बाजूंना 9-9. जमिनीपासून एक हात वर राहतो, मातीला लागत नाही. बाहेरचा 30: पुरा जमिनीपर्यंत. सोन्याच्या हुकांची ओळ दारापासून बरोबर 20 हातांवर येते, आणि तिच्याच खाली अंतरपट टांगायचा. पलीकडे उरतो 10 बाय 10 बाय 10चा ठोकळा, परमपवित्रस्थान.

"अंतरपाट?" वहिनी म्हणाल्या. "कुणाचं लग्न?"

खरंच, मराठी बायबलात तोच शब्द आहे, एका काना-मात्रेच्या फरकाने. लग्नातला मंगलाष्टकं संपली की खाली येतो. हा वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या मुख्य याजकाने ओलांडायचा.

14 मार्च

मंडप उभा! पण दक्षिणेची बाजू लटपटते. प्रत्येक बाजूला पाच अडसर, मधला टोकापासून टोकापर्यंत. तरी टेबलाला धक्का लागला की कुसे उथळ्यांतून निघतात. शेवटी सगळ्या उथळ्या अरल्डाइटने पक्क्या केल्या. प्रदर्शनातली वस्तू आहे, कोण सोडतंय.

20 मार्च

पितळी तार आणायला पुण्याला गेलो होतो. परतताना लाल देवळावरून, म्हणजे तिथल्या ज्यू सिनेगॉगवरून, आलो. नाव 'ओहेल दावीद', म्हणजे दावीदचा तंबू. डेव्हिड ससूनने बांधवलं, 1867 मध्ये पूर्ण झालं, नाव त्याच्यावरून. लाल विटांचा उंच घड्याळमनोरा आणि नाव तंबूचं. बाहेरूनच पाहिलं. सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायच्या कपाटापुढे पडदा असतो आणि त्याला हिब्रूत म्हणतात 'पारोखेत'. निर्गमातल्या अंतरपटाचा मूळ शब्द हाच.

25 मार्च

कोश. 5 बाय 3 बाय 3 सेंटिमीटर, मुठीत मावतो. वर दयासन, म्हणजे त्याचं झाकण, आणि दोन करूब. करूबांचे चेहरे जमले नाहीत. पंख समोर घेतले, चेहरे झाकले गेले.

नातवाने फोनवर तुतनखामेनच्या कबरीतल्या वस्तू दाखवल्या, 1922 मध्ये सापडलेल्या. त्यात एक पेटी अशी आहे की तिचे चार दांडे कड्यांतून सरकून पेटीच्या तळाखाली जातात. ओझं खाली ठेवलं की दांडे आत. सुताराच्या नजरेने बघितलं तर अप्रतिम काम. आणि निर्गम 25:15 नेमकं उलटं सांगतं: दांडे कोशाच्या कड्यांतच राहावेत, काढू नयेत. वेदीचे, मेजाचे दांडे काढ-घाल करता येतात, कोशाचे कधीच नाही.

का? अंधारात दहा हाताच्या खोलीत ठेवलेल्या पेटीला कायम दांडे कशाला?

29 मार्च

आज गणनेचा 4था अध्याय नीट वाचला आणि डोक्याला हात लावला.

आतापर्यंत मी निर्गम वाचत होतो, आणि निर्गम म्हणजे बांधकामाचं टिपण. गणना म्हणजे सोडण्याचं. तळ हलायचा असेल तेव्हा मोशेचा भाऊ, मुख्य याजक अहरोन आणि त्याची मुलं आत जाऊन आधी अंतरपट उतरवतात आणि त्यातच कोश गुंडाळतात. वर्षातून एकदा ओलांडायचा तो पडदा प्रवासात कोशाचं पांघरूण होतो. त्यावर तहशाचं कातडं आणि सगळ्यात वर निखळ निळं कापड. बाकीच्या वस्तूंना आत निळं किंवा जांभळं, वर कातडं. एकट्या कोशाचं निळं बाहेर. धुळीत चाललेल्या तांड्यात कुणालाही लांबून कळावं, तो कुठे आहे.

मग लेवींच्या तीन घराण्यांत वाटणी. कहाथाच्या घराण्याला कोश, मेज, दीपवृक्ष, वेद्या: गाडी नाही, खांद्यावरच, आणि हात लावायचा नाही. गेर्षोनाला कापडं: दोन गाड्या, चार बैल. मरारीला लाकूड, उथळ्या, मेखा, तणावे: चार गाड्या. मरारीच्या माणसांना प्रत्येक वस्तू नाव घेऊन सोपवायची, असं म्हटलंय. मेखासुद्धा. ज्याने कधी बिऱ्हाड हलवलंय त्याला हे वाक्य कळेल. सोफा हरवत नाही, हरवतात ते स्क्रू.

आणि 10व्या अध्यायात चालण्याचा क्रम: यहूदाचं निशाण पुढे, मग गेर्षोन आणि मरारी, मग रऊबेनाचं निशाण, मग कहाथ. कारणही दिलंय. पवित्र वस्तू पोचेपर्यंत पुढच्यांनी मंडप उभा करून ठेवायचा. (त्याच अध्यायात पुढे कोश सगळ्यांच्या आधी तीन दिवसांच्या वाटेवर जातो असंही आहे. दोन परंपरा शेजारी ठेवल्या आहेत, जुळवल्या नाहीत.)

मराठीत घरही बांधतात आणि बोचकंही. मी फक्त पहिलं बांधत होतो. शंभर उथळ्या अरल्डाइटने चिकटवून बसलो होतो.

30 मार्च ते 3 एप्रिल

केस वाळवायच्या यंत्राने तापवून गोंद मऊ केला, एकेक उथळी पिळून काढली. 11 फळ्यांचे कुसे मोडले. नवीन कुसे बांबूच्या काड्यांचे. ढिले ठेवलेत, आणि लटपट थांबवायला मेखा आणि तणावे. जे मी 14 तारखेला फालतू समजून गाळले होते.

9 एप्रिल

पाळकसाहेबांनी विचारलं, पुढे याचं झालं काय? मुलं विचारणारच.

कनानात आल्यावर मंडप शिलोला उभा राहिला. शमुवेलाच्या पुस्तकात तिथे दारं आणि चौकट दिसतात, म्हणजे तंबूभोवती भिंती आल्याच असाव्यात. एबन-एजरच्या लढाईत कोश रणांगणात नेला, शत्रूने, पलिष्ट्यांनी, पळवला, मग अश्दोद, गथ, एक्रोन, पुन्हा बैलगाडीवरून परत. नंतर बरीच वर्षं किर्याथ-यारीमला, कुणाच्या घरात. शिलो पडलं, खोदकामात इ.स.पू. 11व्या शतकातला जळीत थर सापडला आहे. तंबू राहिला गिबोनला, कोश दावीद राजाने यरुशलेमला आणला. तंबू एकीकडे, कोश दुसरीकडे.

दावीदाने तो आणताना पहिल्यांदा नवी कोरी गाडी केली. बैल ठेचकाळले, गाडीबरोबरच्या उज्जाने कोशाला हात लावला आणि जागीच गेला. ही गोष्ट लहानपणी मला फार अन्यायाची वाटायची. बिचारा सावरायला गेला होता. अजूनही थोडी वाटते. पण सुतार म्हणून आता एवढं दिसतं: दांडे असताना गाडी केली. दुसऱ्या खेपेला लेवींनी दांड्यांनी खांद्यावर घेतला, असं बायबलमधल्या 'इतिहास' या पुस्तकात मुद्दाम लिहिलंय.

आणि जेव्हा दावीद म्हणतो, मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देव कनातीत, तेव्हा नाथान संदेष्ट्याकडून देवाचं उत्तर येतं ते जवळजवळ तक्रारीचं: मिसरातून काढल्यापासून आजवर मी घरात राहिलो नाही, तंबूतून फिरत आलो, मी कधी कुणाला म्हटलं का, माझ्यासाठी गंधसरूचं घर का बांधलं नाही?

दावीदाच्या मुलाने, शलमोनाने, बांधलंच. मंडपाच्या दुप्पट मापं: 60 हात लांब, 20 रुंद. परमपवित्रस्थान 20 बाय 20 बाय 20. तिथे कोश ठेवला, आणि मग 1 राजे 8:8. दांडे इतके लांब होते की त्यांची टोकं पवित्रस्थानातून दिसत.

माझ्या 25 मार्चच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. दगडाचं मंदिर, सोन्याने मढवलेलं, आणि आतल्या पेटीचे दांडे अजून तसेच. बिऱ्हाड मांडलं, पण वळकटीची दोरी सोडली नाही.

18 एप्रिल

हे सगळं खरं होतं का? नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याने सरळ विचारलं. जर्मन पंडित वेलहाउजेन यांनी 1878 मध्ये मांडलं की हा मंडप म्हणजे यरुशलेमच्या मंदिराचं मागे वाळवंटात पाडलेलं प्रतिबिंब, याजकांनी खूप नंतर लिहिलेलं. बरेच अभ्यासक आजही त्याच बाजूला आहेत. दुसरीकडे, दुसऱ्या रामसेसच्या कादेशच्या लढाईच्या शिल्पांत (इ.स.पू. 1274) छावणीच्या मधोमध राजाचा दोन दालनी तंबू आहे, आतल्या चौकोनात राजाचं नाव आणि दोन्ही बाजूंनी पंख पसरलेले ससाणे. दक्षिण इस्राएलमधल्या तिम्नाच्या तांब्याच्या खाणीत पुरातत्त्वज्ञ बेनो रोथेनबर्ग यांना तंबू-देवळाच्या जागी लाल-पिवळ्या लोकरी कापडाचे तुकडे मिळाले. म्हणजे तंबूतला देव ही कल्पना त्या मुलखाला परकी नव्हती.

माझं मत नातवाला सांगितलं ते असं. तंबू जुना असावा, एवढं सोनं बहुधा नंतरचं. आणि ज्यांनी हे मापांसकट उतरवलं त्यांच्यातल्या काहींनी तरी मंदिर जळालेलं पाहिलं असणार, इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या फौजेने जाळलेलं. त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच: आमचा देव आधीपासून चालता आहे. यहेज्केल संदेष्ट्याला बाबेलमध्ये, खबार नदीकाठी, देवाचं सिंहासन दिसतं ते चाकं लावलेलं. निर्गमातलं वाक्यही नीट बघा, म्हटलं. 'पवित्रस्थान करा, म्हणजे मी त्यात राहीन' असं नाही. 'त्यांच्यामध्ये' राहीन.

नातू म्हणाला, "आजोबा, सोनं मात्र स्प्रे पेंटचं छान दिसतंय."

5 मे

शिबिराचा पहिला दिवस. मुलांचे तीन गट केले: गेर्षोन, मरारी, कहाथ. कहाथ व्हायला सगळ्यांची झुंबड, कारण कोश. मरारी व्हायला कुणी तयार नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

सोडायला 41 मिनिटं लागली, हॉलच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा उभा करायला सव्वा तास. दक्षिणेच्या भरीव फळ्या वाहणाऱ्यांनी उत्तरेवाल्यांशी भांडण काढलं, हे मला हवंच होतं.

मोठ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, पालखीसारखंच ना हे?" खांदा, मुक्काम, तंबू, पुढे-मागे चालण्याचा ठरलेला क्रम: हो, खूपसं. पण पालखी आळंदीहून निघते आणि आळंदीला परत येते. याला परत जायला गावच नव्हतं. मंडपावरचा ढग उठला की निघायचं, ढग थांबला की थांबायचं; दोन दिवस, महिना किंवा वर्ष, गणनेत असंच लिहिलंय. ती म्हणाली, "मग सामान पूर्ण उघडायचं की नाही, ते कसं ठरवायचं?"

मला उत्तर आलं नाही. पूर्ण उघडायचे, हे खरं. दर वेळी शंभरच्या शंभर उथळ्या.

8 मे

41 मिनिटांवरून 19 वर. आता मरारीचे पोर सगळ्यात तयार आहेत. मेखांना त्यांनी नावं ठेवली आहेत.

11 मे

शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीला त्यांच्या शिबिरासाठी प्रतिकृती हवी आहे. उद्याच्या एसटीने जाणार. पत्र्याच्या ट्रंकेत तळाला फळ्या, वर घड्या घालून पडदे. कोशासाठी स्टीलचा छोटा डबा ठेवला होता, पण दांड्यांमुळे बसेना. दांडे काढले असते तर बसला असता. डब्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन भोकं पाडली. अंतरपटात गुंडाळला, वर रेक्झिन, त्यावर निळं. टोकं डब्याबाहेर आहेत.

मोजदाद: फळ्या 48, अडसर 15, उथळ्या 100. हुक पन्नास आणि पन्नास. मेखा तीन कमी. मरारीच्या पोरांना घरी निरोप पाठवलाय.